वाटीखालचं दान

स्टीलच्या वाटीत दोन फासे खुळखुळवून वाटी फरशीवर पालथी घातली, की आत दोन-तीनदा टकटक होतं आणि मग सगळं शांत होतं. दान पडलेलं असतं. आता ते कुणालाही बदलता येणार नाही. तरी आपण विचारतो, "आठ पडले असतील का? शक्यता किती?" जे होऊन गेलं आहे त्याची शक्यता विचारायची म्हणजे नेमकं काय विचारायचं, हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं, सातवीतल्या भाचीसमोर फरशीवर मांडी घालून बसल्यावर.

भाऊबीजेनंतरचा दिवस होता. आम्ही साताऱ्याला आईकडे जमलो होतो. जेवणं झाली, मोठी माणसं आडवी झाली आणि मनू लुडोचा पुठ्ठा घेऊन आली. सोंगट्या निम्म्या हरवलेल्या, फासे मात्र दोन, एक पांढरा आणि एक लाल. मग तिनेच खेळ काढला. फासे वाटीत हलवायचे, वाटी पालथी घालायची आणि उचलायच्या आधी बेरीज सांगायची. बरोबर आली तर डब्यातलं एक शंकरपाळं.

पाच-सहा डावांनंतर तिच्या लक्षात आलं की मावशी दर वेळी सातच सांगते. "का गं?" म्हणाली. मी तिच्या चौकटीच्या वहीत सहा आडव्या आणि सहा उभ्या रांगा आखल्या. आडव्या रांगा लाल फाशाच्या, उभ्या पांढऱ्याच्या. एकूण ३६ घरं. प्रत्येक घरात बेरीज लिहायचं काम तिचं. लिहिता लिहिता तिलाच दिसलं, की सात या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरका जातो आणि सहा घरं घेतो. आठ त्याच्या शेजारून जातो, त्याला पाचच घरं मिळतात. दोन आणि बारा यांना एकेकच घर.

"म्हणजे आठाची शक्यता ३६ पैकी ५."

"बरोबर."

पुढच्या डावाला तिने वाटीची कड तिच्या बाजूने बोटभर उचलली, डोकं फरशीला टेकवून आत पाहिलं आणि पुन्हा झाकली. "लाल तीन आहे. पांढरा दिसला नाही. आता आठाची किती?"

मी उत्तर द्यायच्या आत तिने वहीतली लाल तीनची रांग दोन बोटांत धरली. सहा घरं. त्यांत आठ एकदाच, पांढऱ्यावर पाच असेल तेव्हा. "६ पैकी १," म्हणाली आणि थांबली. "पण मावशी, मघाशी ३६ पैकी ५ होती. ३६ पैकी ६ झाली. वाढली कशी? फासे तर हललेच नाहीत."

हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता.

अकरावीला आम्हाला हे शिकवलं होतं. सशर्त संभाव्यता. दोन्ही घटना एकदम घडण्याची संभाव्यता घ्यायची आणि अट म्हणून दिलेल्या घटनेच्या संभाव्यतेने तिला भागायचं. सूत्रात दोन अक्षरांच्या मधे एक उभी रेघ असायची. ती रेघ 'जर' अशी वाचायची, असं सरांनी सांगितलं होतं. मी उदाहरणं सोडवली, गुण मिळवले आणि पुढे गेले. पण 'सशर्त' या शब्दाने माझ्या डोक्यात एक चुकीचं चित्र बसवलं होतं, ते तसंच राहिलं. सशर्त म्हटलं की सशर्त जामीन आठवतो, म्हणजे पुढे असं असं वागलास तर. अट ही कुणीतरी घातलेली आणि पुढच्या काळाकडे तोंड करून उभी असलेली वस्तू. वाटीखालच्या लाल फाशावर मात्र कुणी अट घातली नव्हती. तो तीन होता, एवढंच. बदल झाला तो मनूच्या डोक्यात, आणि तिने तोंड उघडल्यावर माझ्या डोक्यात. त्यामुळे मला आता 'अट' हा शब्द इथे गैरसोयीचा वाटतो. ही बातमी आहे. बातमी आली की ३६ घरांपैकी ३० घरं पुसली जातात, उरलेल्या सहांत काय आहे ते मोजायचं. सूत्रातला तो भागाकार म्हणजे हे पुसणं. छेदात ३६ असतात तिथे ६ येतात. सगळा खेळ छेदाचा आहे आणि आपण जन्मभर अंशाकडे बघत बसतो.

मनूने मग एकेक रांग तपासली. लाल एक असेल तर आठ होणारच नाही, शक्यता शून्य. दोनपासून सहापर्यंत काहीही असेल तर ६ पैकी १. सातचं मात्र वेगळं निघालं. लाल काहीही असो, एक असो की सहा, सातची शक्यता ६ पैकी १ च राहते. बातमी आली काय, न आली काय, सातला फरक पडत नाही. यालाच पुस्तकात स्वतंत्र घटना म्हणतात. ती व्याख्या मला पाठ होती. पण शेजारी शेजारी बसलेल्या सात आणि आठ यांचे स्वभाव इतके निराळे, हे मी त्या दुपारी पहिल्यांदा पाहिलं.

तिथे थांबलो असतो तरी दिवाळी सार्थकी लागली होती. पण मनूला दोन सहा हवे होते.

तिने वाटी हलवली, पालथी घातली. या वेळी पाहण्याची पाळी माझी होती. मी दोन्ही फासे पाहिले. ती म्हणाली, "एवढंच सांग, निदान एक तरी सहा आहे का?" मी म्हटलं, "आहे." "मग दुसराही सहा असण्याची ६ पैकी १," ती लगेच म्हणाली. मी म्हटलं, घरं मोज. तिने लाल सहाची आडवी रांग रंगवली, पांढऱ्या सहाची उभी रांग रंगवली. दोन्ही मिळून बारा व्हायला हवीत, पण कोपऱ्यातलं घर दोन्हींत येतं, म्हणून अकरा. त्या अकरांत दोन्ही सहा असलेलं घर एकच. ११ पैकी १.

तिला पटलं नाही आणि मला ते आवडलं. ती म्हणाली, "लाल सहा आहे असं सांगितलंस तर ६ पैकी १. पांढरा सहा आहे असं सांगितलंस तरी ६ पैकी १. नुसतं 'एक आहे' म्हटलंस तर ११ पैकी १? सहा असेल तर कुठलातरी असणारच ना, लाल किंवा पांढरा!" मोठमोठी माणसं इथे अडतात. मी तिला उत्तर दिलं नाही. आम्ही दोघींनी संध्याकाळपर्यंत फासे टाकले. निदान एक सहा आला की वहीत एक उभी रेघ, पाचवी रेघ आडवी; दोन्ही सहा आले की रेघेवर गोल. दिवे लावायची वेळ झाली तेव्हा तिने गोल मोजले. बरोबर अकरावा हिस्सा काही आला नाही, तसा तो येत नसतोच. पण सहाव्या हिश्श्यापासून तो इतका लांब होता की ती गप्प झाली आणि पुन्हा त्या रंगवलेल्या घरांकडे बघत बसली.

रात्री मला झोप लागेना. तिचं म्हणणं चुकीचं होतं, पण त्यात काहीतरी खरं होतं आणि ते मला सापडत नव्हतं. पहाटेच्या सुमारास सापडलं. मी दोन्ही फासे पाहिले आहेत आणि माझ्या तोंडून एकच शब्द बाहेर पडतो, 'सहा'. ऐकणाऱ्याला या शब्दावरून काय कळलं? ते माझी सांगण्याची रीत काय आहे यावर अवलंबून आहे.

समजा माझी रीत अशी आहे, की दोन फाशांतला मोठा आकडा सांगायचा. मी 'सहा' म्हटलं, तर रंगवलेल्या अकरा घरांपैकी कुठलंही घर असू शकतं. दोन्ही सहा असण्याची शक्यता ११ पैकी १.

समजा माझी रीत लहान आकडा सांगायची आहे. मी 'सहा' म्हटलं, तर दोन्ही सहाच आहेत, शंकाच नको.

समजा माझी रीत अशी, की डोळे मिटून एका फाशावर बोट ठेवायचं आणि त्याच्यावरचा आकडा सांगायचा. दोन्ही सहा असले तर मी दर वेळी 'सहा' म्हणेन. एकच सहा असलेली दहा घरं आहेत, पण त्यांत निम्म्या वेळा बोट दुसऱ्या फाशावर पडेल, म्हणून ती पाच घरांइतकीच मोजायची. एक आणि पाच मिळून सहा. शक्यता ६ पैकी १. म्हणजे मनूच्या डोक्यातलं उत्तर. तिने मनातल्या मनात ही तिसरी रीत धरली होती.

फासे तेच, वाटी तीच, शब्द तोच. आणि अर्थ तीन. सकाळी चहाच्या वेळी मी हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आधी विचारायला पाहिजे, तू कुठला आकडा सांगणारेस." नेमकं हेच. बातमी आली तर ती कुणी आणली, कशी निवडून आणली आणि कुठल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आणली, हे कळल्याशिवाय कुठली घरं पुसायची ते ठरवता येत नाही. माझ्या अकरावीच्या सूत्रात हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. पेपरात 'दिलेले आहे की' असं छापलेलं असायचं. दिलंय कुणी, हे विचारायची पद्धत नव्हती.

जुन्या लोकांनाही हा विचार झाकलेल्या गोष्टींवरूनच सुचलेला दिसतो. १६५४ मध्ये पास्काल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी अर्धवट सोडलेल्या डावावर एकमेकांना पत्रं लिहिली. तीन डाव जिंकणाऱ्याला सगळे पैसे. एकाचे दोन झाले, दुसऱ्याचा एक आणि खेळ थांबला. दोघांनी लावलेली प्रत्येकी ३२ नाणी कशी वाटायची? पास्कालने ४८ आणि १६ अशी वाटणी केली, कारण इथून पुढे दुसऱ्याला लागोपाठ दोन्ही डाव जिंकावे लागले असते आणि त्याची शक्यता चारात एक. मागे काय घडलं ते छेदात जमा झालं, आता फक्त पुढची घरं मोजायची. लुडो खेळताना दहा वेळा सहा पडला नाही की "आता तर पडलाच पाहिजे" म्हणतात ना, त्याचंही उत्तर यातच आहे. सुरुवातीला बसून विचारलं असतं, तर लागोपाठ दहा वेळा सहा न पडण्याची शक्यता साधारण १६ टक्के होती. ती दहा दानं पडून गेल्यावर अकराव्याची शक्यता पहिल्याइतकीच, ६ पैकी १. फाशाला मागचं काही आठवत नाही.

थॉमस बेझ या इंग्लिश धर्मोपदेशकाचा निबंध तो वारल्यावर दोन वर्षांनी, १७६३ मध्ये, रिचर्ड प्राइस या त्याच्या मित्राने प्रसिद्ध करवला. त्यात फासे नाहीत, एक सपाट मेज आहे. मेजावर एक चेंडू टाकला, तो कुठे थांबला ते आपल्याला माहीत नाही. मग दुसरा चेंडू पुन्हा पुन्हा टाकायचा आणि दर वेळी इतकंच कळतं, की तो पहिल्याच्या या बाजूला पडला की त्या बाजूला. एवढ्या तुटपुंज्या बातमीवरून पहिला चेंडू कुठे असेल याचा अंदाज बांधत जायचा. मनूच्या वाटीचीच कड बोटभर उचलल्यासारखं आहे हे.

आणि आपल्याकडे नलाची गोष्ट आहे. बाहुकाच्या रूपात ऋतुपर्ण राजाचा सारथी झालेला नल. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण झाडाकडे नुसता बघून पानं आणि फळं किती ते सांगतो. बेहड्याचंच झाड का, तर त्या काळी बेहड्याची फळं फासे म्हणून वापरत. फाशांचं मर्म जाणणारा राजा मोजण्यातही निष्णात आहे, ही दोन कौशल्यं एकाच माणसाच्या अंगी दाखवणारा कथाकार मला फार मोठा वाटतो. त्याहून आवडतो तो बाहुक. विदर्भाला पोचायची घाई असताना तो रथ थांबवतो आणि म्हणतो, मी मोजून बघणार. मोजल्यावर पटतं, मगच तो अश्वविद्येच्या बदल्यात फाशांची अक्षविद्या घेतो.

हे सगळं मी इतकं मनाला लावून घेतलं, त्याला कारण आहे. मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. फाशाच्या खेळात पडतं तेही दान आणि आमच्याकडे लोक येऊन देतात तेही दान. पिशव्या आल्या की प्रत्येक रक्तदात्याच्या नमुन्याच्या पाच तपासण्या कराव्याच लागतात: एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, सिफिलिस हा गुप्तरोग आणि हिवताप. एलायझा या रंगावरून संसर्ग ओळखायच्या तपासणीची प्लेट म्हणजे आठ ओळी आणि बारा रांगा, ९६ छोटे खळगे. शेवटचं आम्ल घातलं की ज्या खळग्यात काही सापडलंय तो पिवळा होतो, बाकीचे पाण्यासारखे राहतात. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी प्लेट हातात घेऊन उजेडाकडे धरायची, सगळं स्वच्छ, आणि मधेच एक पिवळा खळगा. इतकी वर्षं झाली तरी तो दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. मशीन त्याचा आकडा देतं, कट-ऑफच्या वर असला की कागदावर शब्द येतो, रिअ‍ॅक्टिव्ह.

काही वर्षांपूर्वी, मी तेव्हा दुसरीकडे नोकरीला होते, गणपतीतल्या एका शिबिरातल्या मुलाचा नमुना एचआयव्हीला रिअ‍ॅक्टिव्ह आला. बाविसेक वर्षांचा असेल. त्याला बोलावून घेतलं होतं. समुपदेशक त्या दिवशी नव्हते आणि तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "मॅडम, म्हणजे मला आहे का?" हे सांगणं माझं काम नव्हतं आणि मी गप्प राहायला हवं होतं. मी म्हणाले, "पुढची तपासणी करावी लागेल. पण ही टेस्ट नव्व्याण्णव टक्क्यांच्या वर अचूक असते."

मी खोटं बोलले नव्हते. किटच्या पत्रकावर तसंच लिहिलेलं असतं. पुढच्या केंद्रातल्या तपासण्या निगेटिव्ह आल्या, काही महिन्यांनी पुन्हा केल्या त्याही. पण मधल्या चार दिवसांत त्याने घरी सांगितलं होतं आणि ठरत आलेलं लग्न मोडलं होतं. ते पुन्हा जुळलं नाही. हे त्यानेच येऊन मला सांगितलं, शांतपणे, आणि निघून गेला.

त्याने विचारलेला प्रश्न आणि मी दिलेलं उत्तर यांची तोंडं उलट दिशांना होती. मी सांगितलं ते असं: आजार नसलेल्या माणसाची टेस्ट स्वच्छ येण्याची शक्यता किती. त्याला हवं होतं ते असं: टेस्ट रिअ‍ॅक्टिव्ह आली आहे, तर आजार असण्याची शक्यता किती. फाशांत हे लगेच दिसतं. दोन्ही सहा पडले असतील तर बेरीज सम असणार, शंभर टक्के. पण बेरीज सम आहे एवढंच कळलं तर दोन्ही सहा असण्याची शक्यता १८ पैकी १, कारण सम बेरजेची १८ घरं आहेत. कुठे शंभर टक्के आणि कुठे अठरावा हिस्सा! वहीत कुणी ही अदलाबदल करणार नाही. माणसासमोर बसल्यावर मात्र होते.

इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क नावाच्या वकील बाईच्या बाबतीत ती भर न्यायालयात झाली. तिची दोन तान्ही बाळं गेली, एक १९९६ मध्ये, दुसरं १९९८ मध्ये. तिच्यावर खुनाचा आरोप ठेवला गेला. एका नामवंत बालरोगतज्ज्ञाने साक्षीत सांगितलं, की अशा सुस्थितीतल्या, धूम्रपान न करणाऱ्या घरात बाळ पाळण्यात अचानक दगावण्याची शक्यता ८,५४३ मध्ये १, म्हणून दोन बाळं तशी जाण्याची शक्यता सुमारे ७ कोटी ३० लाखांत १. आकड्याचा नुसता गुणाकार केला होता, जणू दोन बाळं म्हणजे लाल आणि पांढरा फासा. पण ती सख्खी भावंडं होती. आईबाप तेच, घर तेच, रक्तातून आलेलं सगळं तेच. पहिलं बाळ जाणं ही दुसऱ्याबद्दलची बातमीच असते. लाल फाशाची बातमी लागत नाही ते सातला, ही बाळं आठसारखी होती. आणि गुणाकार बरोबर असता तरी तो आकडा 'ती निर्दोष असण्याची शक्यता' नव्हे. एकाच घरात दोन बाळांचे खून होणंही अत्यंत दुर्मीळ असतं. जिथे दोन बाळं गेली आहेत अशीच घरं छेदात ठेवायची आणि त्यांतली किती घरं नैसर्गिक मृत्यूची, किती खुनाची, ते बघायचं. नोव्हेंबर १९९९ मध्ये तिला जन्मठेप झाली. ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये जाहीर निवेदन काढून त्या आकड्याला कुठलाही संख्याशास्त्रीय आधार नसल्याचं सांगितलं. दुसऱ्या बाळाच्या जंतूतपासणीचे अहवाल बचाव पक्षाला दाखवलेच नव्हते, हेही उघडकीला आलं आणि जानेवारी २००३ मध्ये दुसऱ्या अपिलात ती सुटली. २००७ मध्ये ती वारली, बेचाळीस वर्षांची होती. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या डॉक्टरांचा राग आला नाही. माझं टेबल आठवलं.

दिवाळीहून परत आल्यावर एका रात्री मी वही घेऊन बसले आणि त्या मुलाचा प्रश्न सरळ तोंडाने सोडवला. आकडे समजण्यापुरते घेतले. समजा शिबिरांत १०,००० जणांनी रक्त दिलं. ही धडधाकट माणसं, त्यांत खरा संसर्ग समजा दहांनाच आहे. किट त्या दहाही जणांना पकडतं असं धरू. उरलेल्या ९,९९० जणांत किट हजारात पाच वेळा चुकतं असं धरू, म्हणजे साडेनव्व्याण्णव टक्के बरोबर. तरी पन्नास माणसं विनाकारण पिवळी होणार. सगळ्या प्लेटांत मिळून साठ पिवळे खळगे, त्यांत खरे दहा.

६ पैकी १. मी तो भागाकार पुन्हा करून पाहिला. साडेनव्व्याण्णव टक्के अचूक किट, आणि रिअ‍ॅक्टिव्ह आलेल्या माणसाच्या वाट्याला एका फाशाएवढी शक्यता.

हेच किट दवाखान्यात वापरलं, जिथे लक्षणं दिसतात म्हणून डॉक्टर पाठवतात आणि समजा दहांतल्या एकाला खरंच संसर्ग आहे, तर १०,००० जणांत खरे १,००० आणि खोटे ४५. तिथे पिवळा खळगा जवळजवळ खराच. रंग तोच, कागदावरचा शब्द तोच. माणूस कुठून आला यावर त्या शब्दाचा अर्थ ठरतो, जसा 'सहा' या शब्दाचा ठरला होता.

आमच्या कामाची पद्धत मला तेव्हा नव्याने कळली. एकदा रिअ‍ॅक्टिव्ह आलेली पिशवी आम्ही नष्ट करतो, दुसऱ्या तपासणीची वाट पाहत नाही. ज्याच्या अंगात ते रक्त जाणार त्याच्यासाठी सहावा हिस्सा फार मोठा आहे. दात्याला मात्र त्या एका तपासणीवर 'तुम्हाला आहे' असं म्हणायचं नसतं. त्याला चाचणी केंद्रात पाठवतात आणि तिथे लक्षणं नसलेल्या माणसाचं निदान तीन वेगवेगळ्या तपासण्यांवर करतात. वेगवेगळ्या, म्हणजे निरनिराळ्या प्रतिजनांच्या (विषाणूच्या ज्या अंशांवरून संसर्ग ओळखायचा त्यांच्या) किंवा तत्त्वांच्या. तेच किट तिनदा वापरलं, तर रक्तातल्या ज्या कशाने त्याला पहिल्यांदा फसवलं ते पुन्हा फसवेल. मग गुणाकार करणं म्हणजे पुन्हा त्या सख्ख्या भावंडांना दोन फासे समजणं. पिशवी फेकायला पुरतं तेवढं माणसाला सांगायला पुरत नाही. पंधरा वर्षं मी हा नियम पाळत होते, नियम म्हणून.

आता आमच्या समुपदेशक ताई अशा दात्याशी बोलतात तेव्हा मला कधी कधी बोलावून घेतात. मागच्या महिन्यात एक शिक्षिका आल्या होत्या. पदराचं टोक मुठीत धरलेलं. ताईंनी सांगायचं ते सांगितलं, पण बाईंचं लक्ष नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघून तोच प्रश्न विचारला. मी टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि दहा आडवी, सहा उभी अशी साठ घरं आखली. म्हटलं, तुमच्यासारखा कागद हातात आलेली साठ माणसं समजा, आकडा अंदाजाचा आहे. त्यांतली दहा घरं पेन्सिलीने भरली. पन्नास मोकळी ठेवली.

बाईंनी पेन्सिल माझ्या हातातून घेतली आणि मोकळी घरं एकेक टिंब देत मोजली. पन्नास झाल्यावर पेन्सिल खाली ठेवली.

"यातलं माझं घर कुठलं?"

"ते अजून झाकलेलं आहे," मी म्हटलं. "केंद्र चारपर्यंत उघडं असतं. रिक्षाने दहा मिनिटं लागतात. ताई येतील तुमच्याबरोबर."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.